नागिणीची लस आणि नेहाचा फोन

मंगळवार, संध्याकाळ

आज नागिणीची लस घेऊन आलो. पण पोरीले, नेहाले, सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं?

तिची आई गेल्यावर पोट्टीचा फोन आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा. बंगलोरची नोकरी, तिले तरी वेळ कुठं? मग तिनं या नव्या लसीचं काढलं. शेजारचे वर्मा भैया म्हणाले, सुई घेतल्यावर त्यांच्या साडूले ताप आला होता. मी घाबरलो, नाही म्हटलं. तेव्हापासून ती रोज फोन करते. मी मराठीत भांडतो, ती तिच्या आईच्या हिंदीत समजावते. डॉक्टरशी बोलल्यावर माझी भीती तर गेली होती. पण भांडण कसं सोडू?

सुई घेतलेला हात आता चांगलाच दुखून राहिला. तेवढ्यात तिचा फोन आला.

"पापा, सोचा क्या?"

"पाहून राहिलो. ताप आला तर?"

"आया तो एक-दो दिन में उतर जाएगा. नागिन निकली तो महीनों जलन रह सकती है."

समजावताना तिचा आवाज हळू होतो, अगदी तिच्या आईसारखा. दुखरा हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो.

"मैं वहाँ होती तो पकड़ के ले जाती."

"मग ये ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"छुट्टी नहीं है, पापा. फिर से समझाऊँ?"

"हव," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."