अधिकातले अनारसे

परळ, मुंबई
७ डिसेंबर १९८५

ती. सगुणाआत्यास,
राहीचा शि. सा. न.

घाबरू नकोस, पण सगळं लिहिते. रक्ताच्या तपासणीत काहीतरी फार वाढलेलं आलं. काल सोनोग्राफी झाली, यंत्रानं पोटातलं बाळ पडद्यावर बघतात. महिन्यांच्या मानानं डोकं मोठं आहे. पाठ नीट दिसली नाही, पण आपल्या गेलेल्या पहिलीसारखाच मणका उघडा असेल, अशी डॉक्टरबाईंना शंका आहे. शुक्रवारी पुन्हा बघतील. तसंच निघालं तर शनिवारी दाखल व्हायचं, बाळ ठेवायचं नाही. ह्यांनी होकार दिला. पिशवी भरून ठेवलीय. आत्या, बाळ हलतंय गं. सासूबाई म्हणतात, इतक्यात कुठलं हलतंय!

तुझ्या मायेची,
राही


रत्नागिरी
१० डिसेंबर

चि. सौ. राहीस,
अ. उ. आ.

उत्तर चुकलं की कॉन्व्हेंटच्या सिस्टर आम्हांला आधी प्रश्न पुन्हा वाचायला लावत. तुझं पत्र तसंच वाचलं. बाळ हलतंय, तिथं अडले. शेवटच्या पाळीची तारीख कुठली सांगितलीत? तुला श्रावणातली पंचमी आठवली आणि जावईबापूंनी कॅलेंडरात नागपंचमी शोधली, असंच ना? अगो, यंदा श्रावण दोन होते! नागपंचमीला तू माझ्या स्वयंपाकघरात दिंडं केलीस. बाजूला बसलीस ती त्याआधीच्या अधिकात. रजेवर आलेल्या जावयाच्या वाणाचे अनारसे मी एकटी तळत होते आणि तू पडवीतून मला शिकवत होतीस. पहिला तुपात विरघळला तेव्हा किती हसलीस!

बाळ महिन्यानं मोठं आहे, डोकं मोठं दिसणारच. पाठीचं मला कळत नाही. खोटा धीर देणार नाही. पण शुक्रवारच्या आत डॉक्टरबाईंना हे सांग. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र एस.टी.च्या कंडक्टरकडे देतेय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
आत्या


परळ
१३ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

कंडक्टरचा निरोप आला, ह्यांनी डेपोतून पत्र आणलं आणि आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. तारीख बदलल्यावर डोकं बरोबर, रक्तही त्या महिन्याला चालण्याजोगं. पण पाठ? बाळ पाठ टेकूनच बसलेलं. मला कुशीवर वळवलं, उठवून चालवलं, पुन्हा निजवलं. ह्यांना तर खोलीबाहेरच काढलं. मग बाळ वळलं. आत्या, मणके सुरंगीच्या फुलांच्या वळेसरासारखे ओवलेले, खालपर्यंत मिटलेले! यंत्राला सगळंच दिसतं असं नाही, पण उघडं कुठंच दिसलं नाही, असं बाई म्हणाल्या. वैशाखात नाही, चैत्रातच येणार.

माझ्यावरचा लोभ आता दोघांत वाट.
राही

ता. क. शनिवारची पिशवी ह्यांनी रिकामी केली. तळाशी मी लपवलेलं, पहिलीनं न घातलेलं टोपडं त्यांच्या हाती लागलं. धुऊन उन्हात घातलं.