मेव्हण्याला साक्षीदार का केले नाही

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुरुषांचे कपडे शिवणे, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या शिवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे, आणि सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवता येतो हा माझा स्वतःचा दाखला. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भरीस पाडलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. राहते घर, दुकानाचा गाळा आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती परिचारिका आहे. दिवसभर लोकांचे ऐकून घेते, तेव्हा घराचे काय करायचे हे तिला कोणी सांगू नये. मीही सांगणार नाही. फक्त स्वयंपाकघरातले पडदे राहू द्यावेत. कापड तिच्या आईने निवडले होते. मला तो रंग कधीच आवडला नाही, पण राहू द्यावेत.

२. मोठी कात्री समोरच्या रेडिमेडवाल्याला. "आता कपडे शिवून कोण घेतो, काका?" असे तो माझ्या गिऱ्हाइकासमोर म्हणाला होता. त्यानंतर त्याने विकलेल्या पँटी कमी करून घ्यायला लोक वर्षानुवर्षे माझ्याचकडे आले. आता त्याने स्वतः शिकावे. कात्री उत्तम आहे, तिने कागद कापू नयेत.

३. आता मासेमारीचे सामान. हे कलम लांबले आहे. वकीलबाई म्हणाल्या, आटोपते घ्या. मी म्हणालो, मरणार मी आहे.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पाणीखात्यात मीटर वाचायचा. बढती मिळाली तेव्हा त्याने माझ्याकडे राखाडी लोकरीचा सूट शिवायला टाकला. माप देताना त्याने पोट आत ओढून धरले. मला ते दिसले. शहाणा शिंपी अशा वेळी गुपचूप दोन बोटे वाढवतो. मी मात्र हट्टाने दिलेल्या मापाचाच शिवला. समारंभात तो भाषणाला उभा राहिला आणि मधले बटण उडून पहिल्या रांगेत गेले. "दाजींनी कापड मारलं," असे त्याने सगळ्यांना सांगितले. मी चोर ठरलो. अकरा वर्षे आमचे बोलणे बंद होते, आणि मधल्या मध्ये बायकोचे हाल झाले. चूक निम्मी माझी होती, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो.

त्रेसष्टाव्या वर्षी मी दुकान बंद केले. पाठीला बाक आला होता आणि दिवसभर घरात बसून मी बायकोच्या कामात खोड्या काढत होतो. वाढदिवसाला तिने एक पाकीट हातात ठेवले. आत फ्लाय फिशिंगची शिकवणी होती, सहा रविवार. मी आयुष्यात गळाची काठी धरलेली नव्हती. नदीवर गेलो, तर शिकवणारा रबरी विजार घालून कमरेइतक्या पाण्यात पाठमोरा उभा. डावा खांदा अर्धा इंच खाली. ते माप मी विसरणे शक्य नव्हते. तो हल्ली रविवारी हे शिकवतो, हे बायकोने मुद्दाम सांगितले नव्हते.

"आलाच आहात तर काठी धरा, दाजी," मेव्हणा वळून म्हणाला. "आणि पोट आत ओढा, नाहीतर तोल जाईल."

"ते तुझ्याकडूनच शिकावं," मी म्हणालो.

तो आधी हसला. मग मीही.

या प्रकारात गळाला किडा लावत नाहीत. पिसे आणि लोकर दोऱ्याने गळावर गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अलगद टेकवायची. मासा लागला की गळ काढून सोडून द्यायचा. टेकवणे मला दोन वर्षे जमले नाही. एकदा स्वतःची टोपी पकडली, एकदा मेव्हण्याचा कान. पण माश्या बांधणे! चाळीस वर्षे काजे केलेल्या हातांना ते काय अवघड? मी बांधायच्या, त्याने फेकायच्या, असे आमचे जमले.

पुलाखालच्या डोहात एक दांडगा ट्राउट मासा राहतो. पाठीवरच्या पराला खाच आहे. कोणाला भेट देत नाही म्हणून आम्ही त्याला 'साहेब' म्हणतो. मेव्हणा आठ वर्षे त्याच्या मागे लागला आहे.

पाच वर्षांपूर्वी माझी बायको गेली. चौथ्या दिवशी रविवार होता. मेव्हणा दोन काठ्या घेऊन दारात उभा राहिला. "चला," एवढेच म्हणाला. त्या दिवशी तो आला नसता तर मी अंथरुणातून उठलो नसतो. तेव्हापासून आमचा एकही रविवार चुकलेला नाही.

इथे वकीलबाईंनी वाचन थांबवून मेव्हण्याला पाणी द्यावे.

गेल्या वर्षी साहेब माझ्या गळाला लागला होता. मेव्हणा काठावर घडीच्या खुर्चीत घोरत होता. मी साहेबाला पाण्यातच धरले, खाच पाहिली, हाक मारायला तोंड उघडले आणि मिटून घेतले. गळ काढला, तो गेला. तेवढ्यात मेव्हणा जागा झाला.

"काही लागलं का, दाजी?"

"शेवाळ."

"असू दे. पुढच्या रविवारी बघू."

तेवढे एक वाक्य ऐकायला मिळावे म्हणून मी खोटे बोललो. साहेब भेटल्यावर तू यायचे थांबशील, अशी भीती वाटली. माफ कर.

गेल्या महिन्यात तो म्हणाला, "तुम्ही नसाल तर मी काठी माळ्यावर टाकणार. त्या गार पाण्यात एकटं कोण उभं राहतंय?" मला मरणाची नाही, या बोलण्याची धास्ती आहे. म्हणून पुढील व्यवस्था करतो.

(अ) माझी काठी, रीळ आणि माश्यांचा पत्र्याचा डबा मेव्हण्याला. डब्याच्या कोपऱ्यात राखाडी माशी आहे, ती साहेबाने घेतलेली. तिची लोकर त्याच्या सुटाच्या आतल्या शिवणीतली आहे. पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी, ऊन पाण्यावर आल्यावर टेकवावी.

(आ) तो सूटही त्याला. "फेकवत नाही, दाजी," म्हणत त्याने तो पिशवीत घालून परत आणला होता. मी तो उसवून पुन्हा शिवला आहे. माप तो खुर्चीत झोपला असताना, मासेमारीच्या दोरीला गाठी मारून घेतले, म्हणजे पोट मोकळे होते. माझ्या अंत्यसंस्काराला तोच घालून यावे. श्वास सोडून उभे राहावे. बटणे लागतील.

(इ) मुलीने सुट्टीच्या रविवारी मामाबरोबर नदीवर जावे. तिला मासे आवडत नाहीत, पण तिला मामा आवडतो. रबरी विजार नवी घ्यावी, माझी कमी करता येत नाही, मी पाहिले आहे.

४. आता शीर्षकाविषयी. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. कारण सांगावे तर सगळेच सांगावे लागेल. म्हणून आज मी मेव्हण्याला नुसतेच म्हणालो, "तू बाहेर बस," आणि खालच्या बेकरीवाल्याला आत घेतले. "बरं," तो म्हणाला, "बेकरीवाला जवळचा." हे लिहीत असताना तो बाहेरच्या खोलीत फुगून बसला आहे. पुन्हा अकरा वर्षे घालवायला माझ्याकडे नाहीत. तेव्हा ऐक. मुलीशिवाय तुझ्याइतके जवळचे मला कोणी उरलेले नाही. म्हणूनच तुला बाहेर बसवले.

वरील मजकूर आम्हा दोघांसमोर वाचून लिहिणाऱ्याने सही केली व त्याच्यासमोर आम्ही केल्या:

साक्षीदार १ : खालचा बेकरीवाला (पीठ पुसून)
साक्षीदार २ : डॉक्टर

स्थळ : शिवणाचे टेबल, खिडकीजवळ
तारीख : मार्चचा दुसरा रविवार, सकाळचे नऊ

सही करणार : शिंपी. सही जरा वाकडी आली आहे, ती माझीच समजावी. मेव्हण्याने आत्ता दारावर काठी आपटली. अजून फुगलेलाच आहे, पण म्हणाला, "झालं असेल तर चला."