एकोणीस दिवसांची दुरुस्ती

प्रथम दुरुस्ती. दिनांक ६ जानेवारी १९९१ रोजी लिहिलेल्या माझ्या मृत्युपत्रात ‘माझी आजी सारजाबाई पुंजाराम हिवराळे ही माझ्या जन्माच्या नऊ महिने आधी वारली’ असे विधान आहे. ते चूक आहे. माझा जन्म २ फेब्रुवारी १९६६ चा. आजी वारली २१ फेब्रुवारी १९६६ रोजी. म्हणजे आम्ही दोघी एकोणीस दिवस एकाच घरात जिवंत होतो. मृत्युनोंदीची नक्कल सोबत जोडली आहे. सबब ते मृत्युपत्र रद्द समजावे व हे खरे धरावे.

मी, सारजा कारभारी हिवराळे, वय वर्षे पंचवीस व दिवस आठ, कारकून, तहसील कचेरी वैजापूर, राहणार छावणी, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीवर असून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसून हे लिहून ठेवते. घरच्या माणसांचे दडपण कायदा धरत नाही, असे आमचे अव्वल कारकून नानासाहेब यांनी सांगितले, म्हणून तसे लिहिता आले.

कारण असे की, माझ्या पोटात गाठ आहे आणि ती सोमवार दिनांक २५ फेब्रुवारीला काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, साधे ऑपरेशन आहे. कचेरीत साध्या अर्जालाच सर्वांत जास्त फेऱ्या पडतात, हे मी रोज पाहते.

वरची चूक क्षुल्लक नाही, कारण माझे आतापर्यंतचे आयुष्य तिच्यावर उभे आहे. आमच्या घरात मी म्हणजे माझी आजी आहे. वारस नोंद करायची तर तलाठी पंचनामा करतो, नोटीस काढतो, हरकतीला मुदत देतो. माझ्या बाबतीत पोटरीवरचा तीळ पुरला. माझा तीळ डाव्या पोटरीवर आहे आणि आजीचा उजव्या पोटरीवर होता. पण जन्म घेताना बाजू उलटते, असे आवडाआत्या सांगते. ती आजीची मुलगी असल्याने तिचे म्हणणे घरात अखेरचे धरतात.

आमच्या घराने १९५६ साली धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञा आजोबांना तोंडपाठ होत्या. श्राद्ध बंद केले ते कायमचे. आत्मा नाही, हेही ते विहारात सगळ्यांबरोबर मान्य करून येत. घरी आल्यावर मात्र तो आत्मा झोळीत झोपलेला असे आणि त्याला वेळेवर दूध लागे.

आता मिळकतीबद्दल.

कलम १. माझी सायकल भाऊ रामकिसन याला द्यावी. सासूचे नाव घ्यायचे नसते, म्हणून आई मला सारजा म्हणू शकत नव्हती. तीन वर्षांच्या मला ती ‘आत्याबाई’ म्हणे. सासूला बोलणेही शोभत नाही, म्हणून मी दूध सांडले की ती रामकिसनला बोलत असे. माझ्या वाटची बोलणी त्याने बारा वर्षे खाल्ली. सायकलीची घंटा वाजत नाही, ती आधी दुरुस्त करून मग द्यावी.

कलम २. पोस्टातले बचतीचे पुस्तक आईला. ते तिला तिच्या मुलीकडून मिळत आहे, आत्याबाईंकडून नव्हे, हे तिला वाचून दाखवावे. आमच्या घरात सही करणारी पहिली मी. दहावीचा निकाल लागला तेव्हा माझे वडील बापू गुलमंडीवरून पेढे घेऊन आले आणि गल्लीभर सांगत सुटले, ‘आमची आई मॅट्रिक झाली.’ मार्क माझे होते. गणितात जे गेले तेही माझेच.

कलम ३. चांदीची वाकी आवडाआत्याला. नोकरीमुळे सोमवार ते शनिवार मी वैजापूरला तिच्याकडेच असते. तिथे ती खूश असली तर मी ‘आई’ असते आणि भाजी खारट झाली तर ‘कारभाऱ्याची पोरगी’. आजीने ही वाकी लेकीला न देता मुलाला दिली. त्याचा जाब आत्याने मला मी अकरा वर्षांची असताना विचारला. मला कारण आठवेना, म्हणून मी माफी मागितली. पुढे बापूंनी ‘तुझीच हाय’ म्हणत वाकी माझ्या हातात दिली, तेव्हा आत्या तीन महिने आली नाही. ही वाकी मी देत नाही. ती तिच्या आईची होती आणि तिच्याकडे जात आहे. मी फक्त पोचवते.

कलम ४. माझा स्टोव्ह शेजारच्या चतुराबाई यांना. आजीने त्यांच्याशी धरलेला अबोला मला नावाबरोबर मिळाला. त्यांच्या अंगणात चिंच होती. गल्लीतली सगळी पोरे तिच्याखाली खेळत आणि मी आमच्या उंबऱ्यावर बसून बघत असे. समोरून चतुराबाई तोंड फिरवत. पन्नाशीची बाई चार वर्षांच्या पोरीवर इतक्या निष्ठेने रुसलेली मी दुसरी पाहिली नाही. गेल्या रविवारी मी धीर करून गेले आणि विचारले, भांडण कशावरून झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. दावणीच्या शेळीला म्हणाल्या, ‘इचार गं तिलाच. म्या तर कवाच इसरले.’ स्टोव्ह त्यांनी घेतला नाही तर शेळीमार्फत द्यावा.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही. एक वस्तू परत घेण्याचे आहे.

मी सहा वर्षांची होते. दुपारी पाटीवर बाराखडी लिहीत बसले होते. आजोबा समोर येऊन बसले, टोपी काढली आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. म्हणाले, ‘सारजे, म्या लई मारलं तुला. पोटुशी व्हतीस तरी मारलं.’ ते रडत होते. मी घाबरून पाय ओढून घेतले. दारात आत्या उभी होती. ती म्हणाली, ‘म्हण बाय, माफ केलं. म्हातारं मोकळं व्हईल.’

मी म्हणाले. आजोबांनी डोळे पुसले, चहा मागितला आणि पुढे अकरा वर्षे निवांत जगले.

मला मात्र मार कुठे लागला होता ते माहीत नव्हते. मी कित्येक वर्षे अंगावर ती जागा शोधत असे.

ती माफी मी या लेखाने परत घेते. ती माझी नव्हतीच. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन विकावी तसा तो व्यवहार झाला. जिला मारले तिला कोणी विचारले नव्हते. आजोबा आज हयात नाहीत. आत्याच्या मते ते तिच्या थोरल्या नातवात आहेत. त्या पोराला ही नोटीस बजावू नये. त्याने अजून कोणाला मारलेले नाही.

कलम ६. नक्कल हाती आल्याचा दिवस. नानासाहेबांचा नियम असा की, ज्या विधानात तारीख आहे त्याला कागद जोडावा. म्हणून मी आजीची मृत्युनोंद काढायला गेले. तारीख वाचून मला वाटले नोंदच चुकली. चुकलेले आम्ही होतो.

आई भाकरी थापत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने दोन्ही तारखा माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या. मग हात न थांबवता म्हणाली, ‘व्हय. तुला पयलं न्हाऊ त्यांनीच घातलं. आंगात ताप व्हता तरी उठल्या. पायावर घेतलं अन् म्हणल्या, पोरीचं नाक माझ्यावर नाय गेलं, बरं झालं.’

माझे नाक आजीचे आहे, हे मला लहानपणापासून शपथेवर सांगितले गेले आहे.

मी विचारले, पंचवीस वर्षे हे का सांगितले नाहीस. आईने भाकरी उलटली.

‘मला कुणी इचारलं?’

पुढचे तिने सांगितले ते असे. आजीच्या आजारपणात माझे बारसे लांबले. आजी गेली त्या दिवशी सगळी रडायला लागली. आजोबांनी त्यांना गप्प केले. ती गेली नाही, झोळीत आहे, असे म्हणाले आणि झोळीशी जाऊन बसले. ज्यांना ज्यांना आजीला काही सांगायचे राहिले होते, त्या सगळ्यांची सोय झाली. मग दिवसही मागेपुढे झाले. आधी गेली आणि मग आली, हे सांगायला बरे पडते. एकोणीस दिवस आड येत होते, ते गाळले.

त्यामुळे धम्मात मयतासाठी करतात ते पुण्यानुमोदन आजीसाठी झाले नाही. भंतेजी आले नाहीत, कोणी तिच्या नावाने दोन घास वाढले नाहीत. जिवंत माणसाचे कसे करणार? जिने मला तापात उठून पायावर घेतले तिला मी पंचवीस वर्षे ओळखत नव्हते, कारण ती मीच होते.

आवडाआत्याला नक्कल दाखवली. तिने कागद उलटसुलट करून परत दिला आणि म्हणाली, ‘शेवटी शेवटी म्हातारीचं नुसतं आंग उरलं व्हतं. जीव कवाच निघालेला.’ म्हणजे मला न्हाऊ घातले ते नुसत्या अंगाने.

कलम ७. माझी धम्माची पुस्तके विहाराला. भंतेजींनाही मी हे प्रकरण विचारले. ते विहाराच्या गळक्या नळाला सुतळी गुंडाळत होते. म्हणाले, जीव उठून दुसऱ्या घरी राहायला जात नाही. विरजण बघ. कालचे दही आज नसते, पण त्याचा आंबटपणा आजच्या दुधाला लागतो. मी विचारले, मग तो थांबतो कसा. ते म्हणाले, विरजण लावणारा हात थांबला की थांबतो. सांगायला सोपे आहे. भंतेजींना आत्या नाही.

कलम ८. हे मुख्य कलम. रामकिसनच्या बायकोला, आशावहिनीला, मार्चअखेरीचे दिवस आहेत. माझ्या ऑपरेशनची तारीख कळली तेव्हा आत्याने मला जवळ घेऊन धीर दिला. ‘भिऊ नको. काय झालंच तर आशीच्या पोटी येशील, घरातल्या घरात. अन् या बारीला पोरगा हो.’ वहिनी समोर बसून लसूण सोलत होती. तिने सोलणे थांबवले आणि हात पोटावर ठेवला. ते मी पाहिले.

सबब मी वारल्यास, पुढच्या जन्मी ओळख पटावी म्हणून माझ्या कानामागे काजळाचे बोट लावू नये. होणाऱ्या बाळाचे तीळ मोजू नयेत. त्याला पाणी आवडले नाही, वांगे आवडले नाही, किंवा ते दवाखान्यात रडले, तर त्याला पाणी, वांगे किंवा दवाखाना आवडत नाही इतकेच समजावे. मुलगी झाल्यास तिचे नाव सारजा ठेवू नये. तिला कोणी ‘आत्याबाई’ म्हणू नये. तिने दूध सांडले तर तिच्याच नावाने तिला बोलावे, रामकिसनला नाही. मी कोणाचे काही बिघडवले असेल त्याची माफी तिच्याकडून मागून घेऊ नये, आणि तिच्या पायांवर कोणीही डोके ठेवू नये. चतुराबाईंशी भांडायचे झाले तर तिने स्वतःचे नवे भांडण काढावे.

हा मसुदा नानासाहेबांनी चष्मा पुसून वाचला आणि विचारले, ‘बाई, हे कलम कुणी मोडलं तर? हरकत कोण घेणार?’

मी दोन दिवस विचार केला. मयताला हरकत घेता येत नाही. आमच्या घरात तर मयताला मयतही होता येत नाही. मृत्युपत्रात आठच काय, ऐंशी कलमे घातली तरी मला घेऊन जाणारा आत्याच्या डोक्यातला रस्ता उघडाच आहे, आणि त्या रस्त्याने पहिल्यांदा आजीला नेले होते. तो बंद करायचा तर आजीपासूनच करावा लागेल, आणि मी हिंडतीफिरती आहे तोवर.

कलम ९. म्हणून मी ऑपरेशनच्या आधी विहारात माझ्या आजीचे पुण्यानुमोदन करणार आहे. भंतेजी येणार आहेत. खीर आई करणार आहे. आजीची तारीख गुरुवारी येते, पण गुरुवारी रामकिसनची कामाची पाळी असते आणि आत्याला गाडी न मिळाल्याचे निमित्त मिळते, म्हणून सुट्टीचा दिवस धरला आहे. मी मृत्युनोंदीची नक्कल सर्वांसमोर मोठ्याने वाचणार आहे. त्यात नाव, वय, कारण ताप, आणि तारीख. त्यानंतर कलम ५ वाचणार आहे.

चतुराबाईंना बोलावणे गेले आहे. त्यांनी शेळीला सांगितले की बघू.

आवडाआत्या आपल्या आईसाठी अजून एकदाही रडलेली नाही. तिला रडू आले तर कोणी गप्प करू नये. मी तिच्या शेजारी बसेन. ती मला ‘आई’ म्हणाली तर मी ओ देणार नाही. तेवढे एक मला कठीण जाईल, कारण पंचवीस वर्षांची सवय आहे आणि आत्याचे रडणे मला पाहवत नाही. तरी देणार नाही.

त्या दिवसापासून मला आजी असेल. ती वारलेली असेल, पण असेल.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले असून खाडाखोड दोन ठिकाणी आहे. दोन्ही ठिकाणी सही केली आहे.

ठिकाण: छावणी, औरंगाबाद
दिनांक: रविवार, १० फेब्रुवारी १९९१

(सही) सारजा कारभारी हिवराळे

साक्षीदार:
१. (सही) नानासाहेब गणपत पगारे, अव्वल कारकून, वैजापूर
२. (डाव्या हाताचा अंगठा) सांडू भिका दाभाडे, विहाराची व्यवस्था पाहणारे, छावणी

अंगठा उठवून झाल्यावर सांडूकाकांनी बोट धोतराला पुसत विचारले, विहार कोणत्या दिवशी झाडून ठेवू. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून दोनदा मोठ्याने सांगितले आणि मग इथेही लिहिले: रविवार, १७ फेब्रुवारी १९९१, सकाळी दहा वाजता.