डिस्चार्जचं गोड

ता. ११ मार्च

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. डायलिसिसनंतर तुझ्या पायांत गोळे यायचे, ते थांबले का? वहिनी फोनवर "थांबले" म्हणते, पण खोटं बोलताना ती घाईत बोलते.

आमच्या वॉर्डात दुपारी फार सुंदर उजेड येतो, हिरव्या पडद्यांतून गाळून आल्यासारखा. पेशंट झोपलेले असतात, सलाईन थेंब थेंब उतरत असतं, आणि मलाही बसल्या जागी डुलकी लागते. परवा स्वप्नात हा सगळा व्हरांडा पाण्याने भरला होता आणि आपण दोघं त्यावर तरंगत चाललो होतो. मी, तरंगत! हस, पोटभर हस. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. जाग आली तर जीभ कोरडी पडलेली.

इथली रीत तुला ठाऊक नाही. पेशंट बरा होऊन निघाला की घरचे मिठाईचा बॉक्स आणतात, "सिस्टर, तोंड गोड करा!" नको म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. जेवायला सवड नसतेच, मग उभ्याउभ्या तेच माझं जेवण. लोक बरे होऊन घरी जातात आणि त्यांचा आनंद माझ्या कमरेवर मुक्कामाला येतो.

काल एक आजी साखर तपासायला बोट देईनात. अशा वेळी मी आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचून दाखवते. आजी म्हणाल्या, "नुसतं टोचून काय होतंय? तुझीही साखर बघ की!" बघितली. म्हटलं, मशीन बिघडलंय. दुसरं आणलं. त्यानेही तेच दाखवलं. मग आजींनीच मला पाणी दिलं आणि गुपचूप बोट पुढे केलं.

आज किडनीच्या डॉक्टरांना भेटले. वजन उतरवा, मग बघू, असं त्यांनी मागेच बजावलं होतं. तुला मात्र मी 'उन्हाळ्यात ऑपरेशन' एवढंच सांगितलं. आता डायबिटीसही निघाला. तुमची किडनी घेता येणार नाही, म्हणाले. मी भांडले, मग रडले.

मी औषध घेईन, चालेन, गोडाला हात लावणार नाही. पण तू त्यावर विसंबू नकोस. दुसऱ्या कुणाच्या किडनीसाठी उद्याच नाव नोंदव. "मला रांगेत कशाला उभं करता, माझी बहीण आहे," असं तू डॉक्टरांना ऐटीत सांगितलंस म्हणे. दादा, रांगेत उभा राहा रे.

आता नुसतीच बहीण उरलेली,
तुझी धाकटी