एकट्यानं जेवू नये

३ फेब्रुवारी, मंगळवार
विद्यापीठाचं परिपत्रक आलं. संशोधन कपाटात ठेवू नका, लोकांपर्यंत न्या, सोप्या भाषेत. आमच्या विभागात सोपं कोण बोलतं? मीच. बाकीचे मराठीत वाक्य सुरू करतात आणि क्रियापद येईपर्यंत इंग्रजीत पोचलेले असतात.

माझं संशोधन पाच वर्षांचं. रोज एकट्यानं जेवणाऱ्या माणसांचं ब्लडप्रेशर. निष्कर्ष एका ओळीत सांगता येतो: एकट्यानं जेवू नये.

दोन व्याख्यानं ठरवली. एक इथे विरारला आमच्याच सोसायटीत, दुसरं निर्मळला चर्चच्या हॉलमध्ये. पाचशे माहितीपत्रकं छापून घेतली. कमी पडतील.

लतिकाला व्हॉट्सॲपवर आमंत्रण धाडलं. ती दिवाळीपासून बहिणीकडे बोरिवलीला आहे, थोडे दिवस. मिक्सर घेऊन गेलीय, म्हणजे तिकडे चटण्याबिटण्या करत असणार. व्याख्यान ऐकलं की तिला कळेल, मी एवढी वर्षं काय करत होतो. मग येईलच.

रात्री मॅगी, ओट्यापाशी उभ्यानं. उभ्यानं खाणं आमच्या अभ्यासात 'जेवण' धरलेलं नाही, त्यामुळे मी त्यात मोडत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
सोसायटीत तुडुंब प्रतिसाद. खुर्च्या पुरेनात. पहिल्या रांगेतले लोक बाह्या वर करून बसले होते, म्हटलं काय उत्साह आहे. नंतर उलगडा झाला. सेक्रेटरी जितेंद्र यांनी ग्रुपवर 'बीपीचा कार्यक्रम' एवढंच टाकलं होतं, आणि लोक फुकट तपासून घ्यायला आले होते. मशीन नाही म्हटल्यावर बाह्या खाली करून गेले.

जितेंद्र मात्र शेवटपर्यंत थांबले. हॉलची किल्ली त्यांच्याकडेच असते. मी खुर्च्या उचलायला लागलो तर म्हणाले, प्रल्हाद सर, राहू द्या, वॉचमन करेल. मी सगळ्या उचलल्या. संशोधकानं समाजात मिसळलं पाहिजे.

लतिका आली नाही. बोरिवलीहून विरार लांब पडतं. अठरा वर्षं इथे राहिली हे खरं, पण तेव्हा ती इथेच असायची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
निर्मळहून केळी विकायला येणाऱ्या मर्लिनबाईंशी पाऊण तास चर्चा. विषय राजेळी केळी पिकवण्याचा. यालाच लोकसंवाद म्हणतात. शेवटी त्या म्हणाल्या, सर, केळी घेताय की निस्तं बघताय? दोन घेतली. डझन घेतलं की काळी पडतात.

दुपारी क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा फोन. तिला माझा निष्कर्ष सविस्तर समजावला, डबा कोणाबरोबर खातेस तेही विचारलं. शेवटी फोन तिनंच ठेवला. हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही.

उद्यापासून रीतसर स्वयंपाक. वरण, भात, भाजी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅगी. कुकरची शिट्टी सापडेना.

१५ फेब्रुवारी, रविवार
निर्मळ! चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर माणसं तशीच हॉलमध्ये आली. व्यवस्था लुईस सरांची, रिटायर्ड शिक्षक, आवाज अजून वर्गातला. दुसऱ्याच स्लाइडला ॲनीबाई उठल्या. म्हणाल्या, सर, हे एकटे जेवणारे असतात कुठे? आमच्याकडं तर शेजारीपण ताटावर येऊन बसतो. आणि असलेच, तर ओळखायचे कसे?

मी स्लाइड बंद केल्या आणि अनुभवानं बोललो. कार्यक्रम संपला तरी ही माणसं निघत नाहीत, खुर्च्या आवरत बसतात. दुकानदाराशी उगाच तासभर बोलतात. नको असलेला फोनसुद्धा ठेवत नाहीत. आणि पाहुणा निघाला की दारात हटकून विचारतात, परत कधी येणार? अशांना उपदेश करू नका. डबा घेऊन जा, समोर बसा, बास.

ॲनीबाई टिपून घेत होत्या. बुधवारपासून त्यांचा उपवासकाळ लागतो. यंदा त्यांचा गट अशा माणसांच्या घरी जाणार आहे. म्हणजे माझं संशोधन थेट अमलात! विद्यापीठाला कळवायला हवं.

नंतर खुर्च्या आवरायला थांबलो. लुईस सर आणि ॲनीबाई माझ्याकडे बघत त्यांच्या घरच्या बोलीत काही बोलले. मला 'सर' तेवढं कळलं. कौतुकच असणार. घरी कोण कोण असतं, विचारलं. मिसेस थोडे दिवस बहिणीकडे, म्हटलं. मानधन म्हणून सुकेळीचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा मिळाला. रिक्षातच संपला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
लतिकाचा फोन, आपणहून. लुईस सरांनी काढलेला व्हिडिओ पाहिला म्हणाली. (मी चारदा पाठवला होता.) छान बोललास म्हणाली. मग म्हणाली, अठरा वर्षं तू ताटापाशी लॅपटॉप उघडून बसलास. मी तुझ्यासमोर बसून एकटीच जेवले. मला कुठल्या गटात धरलंस?

मुद्दा चांगला आहे, पुढच्या अभ्यासात घेऊ, असं मी म्हटलं. ती हसली नाही. मिक्सरची पावती कुरियरनं पाठव म्हणाली.

पावती काढली. वॉरंटी अजून दोन वर्षं आहे.

आज फार एकटं वाटलं. व्याख्यानांचा शीण असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार
दुपारी एकला बेल वाजली. लुईस सर आणि ॲनीबाई. पुढच्या व्याख्यानाचं आमंत्रण असणार म्हणून लगबगीनं लॅपटॉप उघडला. ॲनीबाईंनी तो मिटून बाजूला ठेवला आणि तिथं डबा उघडला. लुईस सरांनी खुर्च्यांवरचे माहितीपत्रकांचे गठ्ठे खाली काढले.

तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. उपवासकाळ ना सर, मासळी नाही आणली, म्हणाल्या.

माझं नाव कोणी दिलं, असं विचारलं. लुईस सर म्हणाले, नाव कशाला द्यायला हवं? खुणा तुम्हीच सांगितल्या. आणि मर्लिन आमच्याच गटात आहे.

माझी केस वेगळी आहे, हे मी दोघांना मुद्देसूद समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. उपदेश केला नाही. समोर बसून राहिले, तेही जेवले. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मध्येच डोळ्यांत पाणी आलं. बिरडं तिखट नव्हतं.

ते निघाले. चौथी खूण मला पाठ होती, म्हणून लिफ्टपर्यंत तोंड मिटून गेलो. दार लागता लागता विचारलं, डबा न्यायला कधी येणार? हा प्रश्न वेगळा आहे. ॲनीबाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी.

डबा धुऊन पुसून ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नसतो. लतिका काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. डबे उघडून बघितले, साखर नाही. माहितीपत्रकं आहेत.