आसरांच्या डोहातली बुडी

१२ जानेवारी १९५८, अमरावती.
इंग्रजी मासिक संपवले. पाठीवर हवेची टाकी बांधून लोक समुद्राच्या तळाशी उतरतात, प्रवाळांतले मासे पाहतात. बेसुमार मासेमारीने तिथेही मासा उरेनासा झाला आहे. बुडीची माझी आवडती ठिकाणे ठरवली: तांबडा समुद्र, ऑस्ट्रेलियाचा किनारा, आणि तिवशाजवळचा आसरांचा डोह. पहिली दोन पाहिलेली नाहीत. समुद्रच पाहिलेला नाही. त्यावाचून काही अडलेही नाही. डोहातले मासे वाचवण्याचे काम अंगावर घेत आहे. दुसरे घेणार कोण?
उत्तमरावांनी विचारले, तुला पोहता येते का? वकिलीने माणूस संकुचित होतो, नवरेपणाने अधिक.

१९ जानेवारी.
डोह पाहून आले. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या आसरा, म्हणजे जलदेवता म्हणे! मासा धरणाऱ्याला पाय धरून खाली ओढतात. माणिकबाई नावाची म्हातारी दर रविवारी कणकेच्या गोळ्या टाकते आणि हातभर लांबीचे मासे तोंड वासून वर येतात. बाकी नदी जाळ्यांनी खरवडून काढलेली. इथे मात्र खच. हे कोणामुळे, असे विचारले. ''आसराईमुळं, बाई. दिसून नाई राहिलं काय तुमाले?''
मासे सुरक्षित आहेत, पण चुकीच्या कारणाने. हे चालणार नाही.

२६ जानेवारी.
झेंडावंदनानंतर डोहाजवळच्या गावात भाषण दिले. विषय: अंधश्रद्धा आणि मत्स्यरक्षण. पंच पेंगत होते. एकटा चंद्रभान भोई कान देऊन ऐकत होता. शेवटी उठून म्हणाला, ''म्हंजे आसरा नाईतच? पक्कं?'' पक्कं, म्हटले. ''मंग उतरून दाखवता काय तुमी?''
या मुलखात एक तरी जिज्ञासू निघाला.

२ फेब्रुवारी.
बुडी यशस्वी. मोटारसायकलवाल्याचा चष्मा, कडा मेणाने बुजवलेल्या. तोंडात सायकलची ट्यूब, तिचे वरचे टोक भोपळ्याला बांधलेले. नऊवारीचा काष्टा घट्ट. कमरेला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला उत्तमराव, म्हणजे भरवसा भोपळ्यावरच. चष्म्यात पाणी शिरल्याने तळ दिसला नाही, पण तो होता. काहीतरी गार पोटरीला घासून गेले. मी किंचाळले नाही, ट्यूबमधली हवा सुटली. ओढून वर काढले तेव्हा मी जिवंत होते. आसरांचा निकाल लागला! टाळ्या. चंद्रभान तर पाया पडला. माणिकबाईने तेवढे तोंड फिरवले. अशिक्षितांना पराभव पचत नाही.
अकोल्याच्या महिला मंडळात व्याख्यान पक्के केले: 'मी वाचवलेला डोह'.

९ फेब्रुवारी.
चंद्रभान घरी येऊन भला मोठा रोहू देऊन गेला. कृतज्ञता! उत्तमराव म्हणाले, कुठला ते विचार. विचारायचे राहिले. कालवण चांगले झाले होते.

२३ फेब्रुवारी.
'येथे मासे धरू नयेत' ही पाटी घेऊन डोहावर गेले. शेंदरी दगडांवर जाळी वाळत होती. टोपल्या भरभरून मासे अमरावतीच्या बाजाराला निघाले होते. चंद्रभानला झापले. तो हात जोडून म्हणाला, ''आमी बापजाद्यापासून भेत होतो, बाई. तुमीच भेव काढलं. लय उपकार झाले.'' अंडी, पिल्ले, पुढची पिढी, सगळे शास्त्र समजावले. म्हणाला, ''पुढच्या पिढीलेच तं खाऊ घालून राहिलो.''
या लोकांना शास्त्र अर्धेच कळते.

२ मार्च.
माणिकबाईच्या गोळ्या पाण्यात विरघळून जातात. आज एकच मासा वर आला.
निश्चय कालच केला होता. तत्त्व महत्त्वाचे की मासा? जाताना पुडीत शेंदूर नेला. सर्वांसमक्ष सातही दगडांना लावला आणि सांगितले, त्या दिवशी पाण्यात माझा पाय कोणीतरी धरला होता, हात बर्फासारखा होता, आजवर बोलले नाही. तपशील उत्तम दिले. माझाच थरकाप झाला.
चंद्रभान लहान पोराला समजवावे तसा म्हणाला, ''शिकल्यासवरल्या तुमी, अन् अशा भेता? आसरा-बिसरा काई नसते, बाई. थांबा, दाखवतो.'' त्याने उडी टाकली. वर आला तेव्हा हातात तोच मासा तडफडत होता.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वेळेपेक्षा जास्त.
अकोल्याचे व्याख्यान प्रकृतीच्या कारणाने रद्द.
निघताना माणिकबाईने उरलेली कणीक माझ्या ओंजळीत ठेवली. ''घ्या. घरी पोया करा.''
कणीक चांगली मळलेली होती.