नोरीन येईपर्यंतचे बटाटे

१ फेब्रुवारी
आज ठरवून टाकलं. परसातल्या पाचही सऱ्यांत गोल्डन वंडर बटाटा. ऑक्टोबरात निघतो, हिवाळाभर टिकतो, उकडला की पिठासारखा फुटतो. चर्चा संपली.

तशी चर्चा करायला कुणी नाहीच. नोरीन नाताळ झाल्यावर बहिणीकडे गेली आहे, कॉर्कला. बहिणीचा, ब्रीडाचा, गुडघा दुखतोय. आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न. दोन मोठ्या बॅगा नेल्या, पण थंडीचे कपडे जागा फार खातात. मांजरही नेलं. मांजरालाही हवापालट लागतोच.

दरवर्षी या दिवसांत ती मागे लागते, एका सरीत शार्लट लावू या ना, म्हणून. शार्लट! चिकट, साबणाच्या वडीसारखा, गार करून सॅलडमध्ये घालायचा. त्याला काय बटाटा म्हणायचं? बत्तीस वर्षं समजावतोय. यंदा ती कटकट नाही. घर कसं शांत आहे.

५ फेब्रुवारी
जरा जास्तच शांत आहे. दोन्ही खोल्यांत रेडिओ लावून ठेवला.

९ फेब्रुवारी
निर्णय बदलला. मी हट्टी माणूस नाही. नोरीन ईस्टरला येणार (माझा अंदाज) आणि गोल्डन वंडर ऑक्टोबरात. म्हणजे आल्यावर बिचारीने काय खायचं? म्हणून शार्प्स एक्सप्रेस. जूनमध्ये तयार. बेणं घेऊनच आलो.

दुकानात शेजारचा डिनी भेटला. याला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय चहा पचत नाही. म्हणाला, काय रे फिंटन, वहिनी कधी येणार? म्हटलं, गुडघा बरा झाला की. तर म्हणतो, कुणाचा, ब्रीडाचा? माझ्या पोरीने परवा पाहिलं तिला नाचाच्या क्लासात. त्या गुडघ्याला आता फक्त बाशिंग बांधायचं राहिलंय!

नाच हा हल्ली व्यायामच समजतात. डॉक्टरनेच सांगितला असणार.

१२ फेब्रुवारी
बेण्याला कोंब यायला उजेड हवा आणि गारवा हवा. घरात अशी जागा एकच, आमच्या झोपायच्या खोलीतली खिडकी. नोरीनच्या बाजूची. खिडकीची फळी अरुंद, म्हणून अंड्यांचे ट्रे पलंगाच्या तिच्या अर्ध्या भागावर मांडले. डोळे वर करून. तात्पुरतं. झोपेत कूस बदलताना सांभाळावं लागतं, पण सोबत वाटते.

६ मार्च
फोन केला. ब्रीडाने उचलला. नोरीन बाहेर गेली होती. (सातव्यांदा. कॉर्कला बाजार लांब असावा.) विचारलं, ईस्टरला येतेय ना? ब्रीडा म्हणाली, उन्हाळ्यात बघू म्हणते ती.

उन्हाळा म्हणजे जुलै. तोवर शार्प्स एक्सप्रेस संपून जाणार. सगळं बेणं डिनीला देऊन टाकलं आणि क्वीन्स आणले. जुलैचा राजा बटाटा. नोरीनला क्वीन्स फार आवडतात. निदान नावडतात असं कधी म्हणाली नाही.

बरंच झालं. ईस्टरला पाऊसच असतो.

११ मार्च
नोरीन आली!!

न कळवता. उन्हाळी कपडे न्यायला आली होती. मी चहा टाकतोय तोवर झोपायच्या खोलीत गेली, ती बाहेरच येईना. जाऊन पाहिलं तर दारातच उभी. म्हणाली, फिंटन, माझ्या उशीवर बटाटे आहेत. मी उजेडाचं आणि गारव्याचं नीट समजावून सांगितलं. शिवाय म्हटलं, तुझ्यासाठीच आहेत, जुलैसाठी. तर पलंगाच्या कडेला टेकली आणि हसायला लागली. खूप दिवसांनी घरात कुणी हसलं. मग रडली. बेण्याची माती डोळ्यात गेली असावी.

डोळे पुसून विचारलं, यात शार्लट आहेत का रे? म्हटलं, छे, आपल्या घरात तसलं काही येत नाही. बरं, म्हणाली. कपडे घेतले, चहा अर्धाच प्यायली, बसला वेळ झाला म्हणून निघाली.

घराची किल्ली टेबलावर विसरली. तिच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. आल्यावर शोधाशोध नको.

१७ मार्च
सेंट पॅट्रिकचा दिवस. सगळं गाव मिरवणुकीला, मी परसात. या दिवशी बटाटा जमिनीत गेलाच पाहिजे, माझे वडील ताप अंगात घेऊन लावायचे. पाचही सऱ्या क्वीन्स. कमरेचे बारा वाजले.

डिनी भिंतीवरून म्हणाला, अरे, पलटण जेवायला येणार आहे का? म्हटलं, बायको येणार आहे. गप्प झाला. हा माणूस गप्प होतो हे आजच कळलं. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

४ मे
पहाटे हिम पडणार असं रेडिओवर सांगितलं. कोवळ्या पाल्यावर पलंगावरच्या चादरी नेऊन घातल्या. तिची फुलांची चांगली चादर मधल्या सरीवर. पाला वाचला. चादर गेली.

संकल्प: ती येण्याआधी तशीच नवी आणायची. रंग कोणता होता ते आठवत नाही. निळा?

२० जून
करप्याचा इशारा. मोरचूद आणि धुण्याचा सोडा कालवून सगळ्या पाल्यावर फवारलं. वारा उलटा फिरला, अर्धं माझ्याच तोंडावर. अशा वेळी मागच्या दारातून, टोपी घाल मेल्या, असा ओरडा यायचा. यंदा कुणी ओरडलं नाही.

तिची आठवण येते. लिहून टाकलं. बस.

१२ जुलै
पहिला बटाटा काढला. काय माल आहे! उकडल्यावर साल फुटून असा हसला की बघत राहावं. सवयीने दोन ताटं घेतली, एक परत ठेवलं. बादलीभर काढून धुऊन ठेवलेत. उद्या बसने कॉर्कला. एकदा हे तोंडात गेले की बॅगा भरायला लागेल, पैज.

१३ जुलै
ब्रीडाने दार उघडलं. धडाधड जिना उतरून. नोरीन तिच्याकडे राहतच नाही. मार्चपासून भाड्याने घर घेतलंय, दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. बादली घेऊन चढलो.

हातभर गॅलरी. कुंड्या. आणि कोळशाच्या जुन्या पोत्यात माती भरून लावलेला बटाट्याचा पाला. माझ्या पाल्यापेक्षा हिरवा. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. शार्लट, म्हणाली.

उकडून गार केलेले, लोणी आणि कांद्याची पात घालून पुढे ठेवले. साबण आहे असं म्हणायचं ठरवून घास घेतला. म्हणता आलं नाही. छान होते. फार छान होते. मांजर तिच्या मांडीवर होतं, माझ्याकडे आलं नाही.

मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, फिंटन, मी घरी येणार नाही. म्हटलं, सप्टेंबर असेल तर कर्स पिंक लावता आले असते, जरा आधी सांगायचंस. म्हणाली, सप्टेंबर नाही रे. कधीच नाही. म्हटलं, बटाट्यापायी? म्हणाली, पाच सऱ्या होत्या. मी एक मागत होते.

क्वीन्स अर्धे ठेवून घेतले. निघताना मूठभर शार्लट पिशवीत घातले. घरी जाऊन उकडून खा, म्हणाली. हो म्हटलं.

१४ जुलै
नोरीन येणार नाही.

लिहून पाहिलं. वाचवत नाही. सकाळभर रडलो, डिनीने भिंतीवरून ऐकलं असणार, पण कधी नव्हे ते त्याने विचारलं नाही. त्याला म्हटलं, सगळे क्वीन्स काढून ने.

शार्लट खाल्ले नाहीत. बेण्याला ठेवलेत. अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, पलंगाच्या त्याच बाजूला.

पुढच्या वर्षीचं आजच ठरलं. शार्लट. एकच सरी. एका माणसाला पुरे होते.